इतिवृत्तात न आलेलं

मे महिन्याची एकोणतीस. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी.
बोर्डरूमचा एसी ठिबकतोय, खाली बादली.
मी कंपनी सचिव. माझं काम लिहायचं:
"लेखापरीक्षण समितीची बैठक अकरा वाजता सुरू झाली.
गणपूर्ती होती."

गणपूर्ती म्हणजे तिघं.
गुर्रमबाई अध्यक्ष, कॉमर्स शिकवून निवृत्त,
चष्म्याची काडी सेफ्टी पिनेवर;
बँकेतून सुटलेले निंबर्गी, बोलण्यापेक्षा ऐकणारे;
आणि तिसरे स्वतंत्र संचालक,
मालकांचे साडू नसून तसेच वाटणारे.

हत्तुरेसाहेब चहा सांगतात, शेंगाचटणी, कडक भाकरी,
आणि टेबलावर आकडा आणून ठेवतात
नवरदेव पाटावर बसवावा तसा:
"चार कोटी दहा लाख, बाई. कंपनी निघाल्यापासून एवढा नफा नाही."

"त्यातली मोठी ऑर्डर. माल गेला का?"
"ऑर्डर पक्की आहे की ओ."
"माल गेला का?"
"कंटेनर लागला की जूनमध्ये..."
बाई एक कोटी वीस लाखांवर रेघ मारतात. पेन्सिलीने.
"डर्बनचे नव्वद लाख? चारशे बारा दिवस झाले."
"देतील. जुनी माणसं आहेत."
"फोन उचलतात?"

बादलीत थेंब पडतो. तेवढाच आवाज.

मग बाई म्हणतात, गोदाम बघू.
असं कुणी म्हणत नाही. अजेंड्यावर नव्हतं.
पत्र्याखाली त्रेचाळीस डिग्री,
हमाल गासडीची पट्टी कापतो,
आतून पांढरेशुभ्र बाथरोब, खिशावर निळ्या धाग्यात
एका हॉटेलचं नाव. ते हॉटेल दोन वर्षांपूर्वी बंद पडलं.
वहीत एकसष्ट लाख.
बाई एक झगा उचलून निंबर्गींच्या अंगाला लावतात:
"घालाल?"
निंबर्गी दिवसभरात पहिल्यांदा बोलतात: "फुकट दिला तरी नाही."
चिंध्यांच्या भावाने तेवीस.

परत येताना जिन्यात, मला एकट्यालाच, दम खात:
"आमचे नान्ना मागावरचं कापड तसंच मोजायचे नाहीत.
आधी धुवायचे. वाळवायचे.
आई ओरडायची, गिऱ्हाईक ताटकळलंय.
ते म्हणायचे, आटायचं ते माझ्या घरात आटू दे."

तिसरे म्हणतात, "शेअर पडेल, बाई."
"पडेल."
एवढंच. मी वाट बघत होतो पुढच्या वाक्याची,
पेन वर धरून.

ऑडिटर वडनाल, वय एकतीस, पुढच्या वर्षीची नेमणूक बोर्डाच्या हातात,
सकाळपासून गप्प.
आता बॅगेतून अहवाल काढतो.
बॅगेत दोन मसुदे होते, मला दिसले.
वरचा तसाच ठेवून खालचा काढला.
बाईंनाही दिसलं असावं. त्या चटणी संपवत होत्या.

एक कोटी बासष्ट.

आमचा बोनस तीन कोटींच्या वर होता.
मुलीच्या हॉस्टेलचे पैसे मी त्यातच धरले होते,
माल जायच्या आधी.
ते कुठल्या टिपेत घालू?

हत्तुरेसाहेब भाकरीचा तुकडा मोडतात, खात नाहीत.
मग हसतात, कसंनुसं:
"बाई, पुढच्या वर्षी तरी चांगलं बोला की."
"पुढच्या वर्षी माल पाठवा."

मी लिहिलं: "सविस्तर चर्चा झाली.
समितीने आवश्यक तरतुदींची शिफारस केली."
साडेचार तासांची दोन वाक्यं.
गोदाम नाही, झगा नाही, नान्ना नाहीत.
वार्षिक अहवालात हे पान सत्त्याऐंशीवर जाईल, टीप एकतीस,
मुंगीएवढ्या अक्षरात.

बाईंनी कंपनीची गाडी नाकारली,
अशोक चौकाच्या शेअर रिक्षात तिसऱ्या बसल्या,
पिशवीत आमचेच हिशेब.

रात्री घरी आपल्याच मिलचा कोरा टॉवेल धुतला,
तारेवर टाकला. या उकाड्यात अर्ध्या तासात कडकडीत.
टेप लावली.
लेबलावर साठ इंच. भरला सत्तावन्न.
बायको दारात: "हे काय चाललंय?"
म्हटलं, ऑफिसचंच आहे.